छोटी सर्च इंजिनं नेमकी कुठे चुकली? आणि आता ठाणे-नवी मुंबईपुरतं एक काढलं तर?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुम्ही ऐरोलीचे, मित्र कोपरखैरण्याचा, आणि दोघं मिळून ठाणे-नवी मुंबईपुरतं मराठी सर्च इंजिन काढायचं म्हणताय. निकाल एखाद्या मोठ्या इंजिनकडून एपीआयवर (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून माहिती मागवायची सोय) विकत घ्यायचे, वरची मांडणी तुमची. त्याआधी ऑल्टाव्हिस्टा, लायकॉस, आस्क वगैरे मंडळी कुठे फसली ते समजून घ्यायचंय.

मी महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या एजन्सीत सर्चवरच्या जाहिराती सांभाळतो, राहायला ठाण्यात. इंजिन बांधणारा इंजिनीअर मी नाही, पण या धंद्यात पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो ते रोज दिसतं.

"गूगल चांगलं होतं, बाकीचे भंगार होते" असं उत्तर तुम्हाला दहा जण देतील. १९९९ पुरतं ते बरोबरही आहे. पुढची पडझड मात्र वेगळ्याच कारणाने झाली. यातल्या जवळजवळ प्रत्येकाने तीनपैकी एक तरी गोष्ट दुसऱ्याच्या हातात देऊन टाकली होती: पानांचा इंडेक्स (कुठल्या पानावर काय आहे याची सूची, तिच्यातून निकाल निघतात), गिऱ्हाईक आत येतं तो दरवाजा, किंवा गल्ला. समोरच्याने एक दिवस हात काढून घेतला की खेळ खल्लास. तुमचा बेत वाचून मला पहिल्यांदा इंकटोमी आठवली, म्हणून तिथूनच सुरू करतो.

इंकटोमी १९९६ साली बर्कली विद्यापीठातून निघाली. तिथले प्राध्यापक एरिक ब्रूअर आणि त्यांचा एक विद्यार्थी. एकच अवाढव्य मशीन घेण्यापेक्षा बऱ्याच साध्या मशीन जोडायच्या आणि इंडेक्स त्यांच्यात वाटून टाकायचा, हे त्यांचं तंत्र. आज महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरांत जे चालतं त्याचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही. पण स्वतःच्या नावाने लोकांसमोर जायचंच नाही, असा त्यांचा खाक्या. हॉटबॉट, याहू, एमएसएन यांना मागच्या दाराने निकाल पुरवायचे. जून २००० मध्ये याहूने पुरवठादार बदलून गूगलला घेतलं. याहू वापरणाऱ्याला पत्तासुद्धा लागला नाही, कारण पान तेच होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये इंकटोमीचा शेअर २०० डॉलरच्या वर होता. डिसेंबर २००२ मध्ये याहूनेच अख्खी कंपनी घ्यायचं ठरवलं ते १.६५ डॉलर शेअरच्या भावाने, एकूण साधारण २३.५ कोटी डॉलरला. मध्ये डॉट कॉमचा फुगाही फुटला होता, त्यामुळे सगळं खापर याहूवर फोडता येणार नाही. पण एका गिऱ्हाइकाने पाठ फिरवल्यावर थेट वापरणारे लोक हाताशी असते तर भाव करायला काहीतरी उरलं असतं.

गंमत म्हणजे याहूनेही तेच केलं. आपल्या पानावर गूगलचे निकाल लावले, तेही गूगलच्या नावासकट. फेब्रुवारी २००४ मध्ये गूगलला काढून इंकटोमीचं तंत्र आणलं, तोवर लोकांना थेट गूगल उघडायची सवय लागून गेली होती.

ऑल्टाव्हिस्टाची गोष्ट जरा केविलवाणी आहे. डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने ते सुरू केलं. वेगात आणि आवाक्यात त्या काळी त्याच्या तोडीचं काही नव्हतं. पण मालकाला विकायच्या होत्या मशीन. आमचे अल्फा प्रोसेसरचे सर्व्हर किती दमदार आहेत, याचं ते चालतंबोलतं प्रात्यक्षिक होतं. १९९८ मध्ये कॉम्पॅकने डिजिटल विकत घेतली, ऑल्टाव्हिस्टा डॉट कॉम हा पत्ता मिळवायला वेगळे ३३ लाख डॉलर मोजले आणि मग पानावर बातम्या, ईमेल, शॉपिंग अशी सगळी जत्रा भरवली. पुढच्या वर्षी सीएमजीआय या इंटरनेट गुंतवणूक कंपनीने त्यातला मोठा हिस्सा सुमारे २३० कोटी डॉलरच्या सौद्यात घेतला. २००३ मध्ये तेच दुकान ओव्हरचर या सर्च जाहिरातींच्या कंपनीला १४ कोटीत गेलं. शेवटी याहूने ८ जुलै २०१३ ला दिवा मालवला. या सगळ्या प्रवासात शोध हाच आपला धंदा आहे असं म्हणणारा मालक त्याला एकदाही भेटला नाही.

एक्साइटचा किस्सा तुम्ही ऐकला असेलच. १९९९ मध्ये गूगलचे दोघे संस्थापक आपलं इंजिन दहा लाख डॉलरला विकायला तयार होते, साडेसात लाखांपर्यंत खाली आले, तरी एक्साइटने नाही म्हटलं. लोक यावर हसतात. मला तो नकार तितका मूर्खपणाचा वाटत नाही. एक्साइटचे तेव्हाचे प्रमुख जॉर्ज बेल यांनी नंतर सांगितलं की आपलं सगळं तंत्र उपटून गूगलचं बसवायची अट होती. कुठलीही चालती कंपनी तिथे बिचकली असती. खरी घोडचूक त्याच वर्षी केबल इंटरनेटवाल्या ॲट होम कंपनीत विलीन होण्याची होती. ऑक्टोबर २००१ मध्ये दोघांचं मिळून दिवाळं निघालं.

लायकॉसने तर स्वतःचं क्रॉलिंग (वेबवरची पानं फिरून गोळा करणं) सोडून नॉर्वेच्या फास्ट कंपनीचे निकाल लावले आणि पोर्टल म्हणून, म्हणजे बातम्या-ईमेल सगळं एकाच पानावर देत, मिरवत राहिलं. २००० मध्ये स्पेनच्या टेराने १,२५० कोटी डॉलरला ते घ्यायचं जाहीर केलं, २००४ मध्ये कोरियाच्या दाऊमला साधारण साडेनऊ कोटीला विकलं. २०१० मध्ये ३.६ कोटीला ते घेणारी कंपनी कुठली, तर हैदराबादची वायब्रँट! त्या पैशावरूनही पुढे भांडण लागलं ते वेगळंच.

आता ओव्हरचर. हे माझ्या रोजच्या कामातलं आहे, तेव्हा इथे थोडं रेंगाळतो. बिल ग्रॉस यांनी १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम काढलं, त्याचंच नाव पुढे ओव्हरचर झालं. क्लिकला पैसे आणि जागेसाठी बोली ही व्यवस्था धंदा म्हणून यांनीच उभी केली. जो जास्त बोली लावेल तो वर, इतका सरळ हिशेब. फेब्रुवारी २००२ मध्ये गूगलने त्यात एक बदल केला: बोलीबरोबर लोक त्या जाहिरातीवर किती क्लिक करतात तेही धरायचं. फरक बघा. समजा, पाचपाखाडीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबने क्लिकला ४० रुपये लावले, पण जाहिरात शंभर जणांना दिसली तर एकच जण दाबतो. शेजारच्या लॅबची बोली १५ रुपये, पण शंभरातले पाच जण दाबतात. ओव्हरचरच्या पद्धतीत पहिली वर, कमाई ४० रुपये. गूगलच्या पद्धतीत दुसरी वर, कमाई ७५. शिवाय बघणाऱ्याला कामाची जाहिरात दिसते. त्याच वर्षी मे महिन्यात एओएल या मोठ्या अमेरिकन इंटरनेट कंपनीने ओव्हरचरला सोडून गूगलचा हात धरला. ओव्हरचरची कमाई याहू आणि एमएसएनसारख्या दुसऱ्यांच्या पानांवर अवलंबून, स्वतःचा दरवाजा नावापुरता. २००३ मध्ये ऑल्टाव्हिस्टा आणि फास्टचं वेब सर्च घेऊन ती उणीव भरायला गेले, पण त्याच वर्षी स्वतःच याहूच्या पोटात गेले, १६३ कोटी डॉलरला. पेटंटच्या दाव्यात गूगलने २००४ मध्ये याहूला २७ लाख शेअर देऊन मिटवलं. कल्पना ज्यांची, त्यांना एवढंच मिळालं.

आस्कने गल्लाच दुसऱ्याच्या हातात दिला. २००६ मध्ये लोकांच्या लक्षात राहिलेला तो जीव्ह्ज नावाचा बटलर काढून टाकला, म्हणजे ओळखच पुसली. २००७ मध्ये मालक कंपनी आयएसीने गूगलच्या जाहिराती दाखवायचा पाच वर्षांचा करार केला, अंदाजे ३५० कोटी डॉलरचा. ज्याच्याशी लढायचं त्याच्याकडूनच पगार. २०१० मध्ये स्वतःचं शोधतंत्र गुंडाळलं.

आपल्याकडचंही बघू. राजेश जैन यांनी मुंबईतून १९९५ मध्ये इंडियावर्ल्ड काढलं, त्यात 'खोज' होतं. १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने ते सगळं ४९९ कोटी रुपयांना घेतलं आणि खोज पुढे विस्मृतीत गेलं. २००६ मध्ये बेंगळुरूत गुरुजी डॉट कॉम आलं, सिकोया या गुंतवणूक कंपनीचा पैसा होता, भारतीय भाषांचा शोध होता. पण गर्दी व्हायची ती गाणी शोधायला. २०१० मध्ये टी-सीरिजने कॉपीराइटची तक्रार केली, प्रकरण अटकेपर्यंत गेलं, नंतर गाशा गुंडाळला. मराठीची अडचण तर आणखी मुळातली होती. त्या काळात आपल्या वर्तमानपत्रांच्या साइट आपापल्या फाँटमध्ये असायच्या, युनिकोड या सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत नाही. इंजिनाला ती नुसती अगम्य अक्षरं दिसायची. इंडेक्स करणार कशाचा?

कोरियात नेव्हर या तिथल्या सर्च इंजिनपुढेही असाच पेच होता. कोरियन भाषेत वेबवर मजकूरच कमी. त्यांनी २००२ मध्ये लोकांनीच प्रश्न विचारायचे आणि लोकांनीच उत्तरं द्यायची, अशी सेवा काढली. शोधायला माल नव्हता, तर माल तयार करवून घेतला, तोही स्वतःच्या आवारात. या यादीतला सगळ्यात हुशार डाव मी हाच मानतो.

अलीकडच्यांत कुइल (२००८) फार बोलण्यासारखं नाही. ३.३ कोटी डॉलरचं भांडवल, १२० अब्ज पानांचा दावा, पहिल्याच दिवशी सर्व्हर झोपले, दोन वर्षांत बंद. नीवा मात्र चटका लावून गेली. गूगलच्या जाहिरात विभागाचे माजी प्रमुख श्रीधर रामस्वामी यांनी काढलेली, जाहिरात अजिबात नाही, महिन्याला ४.९५ डॉलर वर्गणी. मे २०२३ मध्ये बंद करताना त्यांनी सांगितलं की लोकांना पैसे द्यायला लावणं त्या मानाने सोपं होतं, नवं इंजिन वापरून बघायला लावणं कठीण गेलं. कारण दरवाजा विकला गेलेला असतो. फोन आणि ब्राउझरमध्ये आधीपासून आपलंच इंजिन असावं म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर वाटले, हे अमेरिकेच्या खटल्यात बाहेर आलं. न्या. अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये ती मक्तेदारी बेकायदा ठरवली. आपल्या स्पर्धा आयोगानेही अँड्रॉइडच्या बाबतीत २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोकला. निकाल स्वागतार्ह, पण तोवर नीवा गेलेली होती.

खासगीपणा जपायचं म्हणणारं डकडकगो हे इंजिन टिकलंय, नफ्यातही आहे, पण निकाल मोठ्या प्रमाणात मायक्रोसॉफ्टच्या बिंगचे. त्याची किंमत २०२२ मध्ये दिसली. त्यांचा ब्राउझर सगळ्यांचे ट्रॅकर (तुम्ही काय बघता त्यावर पाळत ठेवणारे कोड) अडवायचा, मायक्रोसॉफ्टचे काही मात्र करारामुळे सोडायचा. खासगीपणा हेच ज्याचं भांडवल, त्याला ही नामुष्की महागात पडली.

आणि आता तुमचा बेत. बिंगचं एपीआय धरून हिशेब मांडला असेल तर तो कागद फाडा. २०२३ मध्ये त्यांनी दर कित्येक पट वाढवले आणि ११ ऑगस्ट २०२५ ला ते एपीआय बंदच करून टाकलं. ब्रेव्ह या ब्राउझरवाल्या कंपनीचा स्वतःचा इंडेक्स आहे, ते विकतातही, पण तिथेही दर उद्या काय असेल ते त्यांच्या मर्जीवर.

मोठ्यांना जे नीट जमत नाही ते तुमच्या दारात आहे. सिडकोने वाशी, ऐरोली, नेरूळ, खारघर, प्रत्येक नोडला (उपनगराला) सेक्टरचे आकडे एकपासून दिले. घणसोलीतला माणूस नुसतं "सेक्टर ७ दवाखाना" टाकतो, त्याला कुठला ७ हवा? कोपरखैरणे की कोपर खैरणे, माजिवडा की माजिवाडा, घोडबंदर रोड की जीबी रोड, वर निम्मे लोक हेच इंग्रजी अक्षरांत टाकणार. पाणी कधी बंद राहणार याचं पत्रक स्कॅन होऊन व्हॉट्सॲपवर फिरतं, शोधात येतच नाही. हा माल गोळा करणं कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच तो तुमचा राहू शकतो.

पैशाचं मात्र आधीच सांगतो. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधल्या आमच्या एका ग्राहकाला मी बिंगवरही थोडे पैसे लावू म्हटलं. त्यांनी एकच विचारलं, "तिथून फोन किती येतील?" मी म्हटलं, कमी येतील, पण स्वस्त पडतील. "मग त्या कमीसाठी तू वेगळा रिपोर्ट करणार, मी वेगळा बघणार. राहू दे की." मायक्रोसॉफ्टने गूगलवरच्या जाहिराती जशाच्या तशा उचलून आणायचं बटण दिलंय, तरी ही गत. तेव्हा क्लिकवरच्या जाहिरातींच्या भरवशावर राहू नका. क्लासवाले आणि लॅबवाले वर्षाचे ठरावीक पैसे देतील का, हे दहा दुकानं फिरून विचारा, कोड लिहायच्या आधी.

तंत्राची सुरुवात कॉमन क्रॉलपासून करा, वेबवरून गोळा केलेल्या पानांचा तो साठा फुकट मिळतो. त्यातली मराठी पानं वेगळी काढा, मग त्यातली ठाणे, नवी मुंबई, पनवेल यांचा उल्लेख असलेली. किती उरतात ते इथेच कळवा, मग मशीनच्या खर्चाचं बोलू.