सरकारी कल्याणसेवा खासगी संस्थेकडे गेल्यावर विधिमंडळ तिच्यावर खरंच लक्ष ठेवू शकतं का?

तुम्ही विचारलंय की महिला व बालविकाससारख्या खात्याची कामं संस्थांकडे, ठेकेदारांकडे गेली की आमदारांच्या हातात सभागृहात आवाज उठवण्यापलीकडे काही उरतं का, आणि कुठल्या विधिमंडळाला असा कारभार मागे फिरवता आलाय का.

आलाय, आणि तेही दोनदा. मी गेली बरीच वर्षं अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ओमाहात राहते. दोन्ही वेळा नुकसान झालं ते मुलांचं, म्हणून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी इथल्या विधिमंडळाबद्दल थोडं सांगते. इथे एकच सभागृह आहे, ४९ सदस्यांचं. निवडणुकीत उमेदवाराच्या नावापुढे पक्ष छापत नाहीत. मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. कुणीही जावं, एक फॉर्म भरावा आणि समितीसमोर बसून बोलावं. टेबलावर दिवा असतो, तो लाल झाला की थांबायचं. पालक, दत्तक घेणारी कुटुंबं, आपल्या घरी मुलं सांभाळणारे लोक, नोकरी सोडलेले समाजसेवक असे सगळे तिथे येऊन बोलतात, आणि त्यांचं बोलणं शब्दशः नोंदलं जातं.

२००९ मध्ये राज्याच्या आरोग्य व मानवसेवा खात्यानं बालकल्याणाची पुनर्रचना केली. आईवडिलांकडून काढून घ्यावी लागलेली मुलं, त्यांची पर्यायी घरं, घरभेटी, कोर्टाच्या तारखा या सगळ्या कामाचा मोठा भाग पाच खासगी संस्थांना कराराने देण्यात आला. हा एवढा मोठा बदल खात्यानं करारांच्या जोरावर केला. त्यासाठी वेगळा कायदा सभागृहापुढे आला नव्हता. पुढच्या अडीच वर्षांत पाचातल्या चार संस्था बाहेर पडल्या. एक तर दिवाळखोरीत गेली. संस्था बदलली की मुलाकडे येणारी ताई बदलते, आणि नव्या ताईला त्याची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते. आठ वर्षांच्या पोरानं ती किती वेळा सांगायची?

२०११ मध्ये विधिमंडळानं ठराव करून आरोग्य समितीला चौकशी करायला सांगितलं. समितीच्या अध्यक्ष होत्या आमदार कॅथी कॅम्पबेल. राज्याचे लेखापरीक्षक माइक फोली यांनी त्याच वर्षी हिशेब बाहेर काढला. खर्च कमी होईल म्हणून जे केलं होतं, त्यात खर्च सुमारे २७ टक्क्यांनी वाढला होता. समितीनं नुसता अहवाल लिहून हात झटकले नाहीत. २०१२ मध्ये कायदे झाले. मुलांच्या प्रकरणांची जबाबदारी बहुतेक राज्यात पुन्हा सरकारी कर्मचाऱ्यांकडे आली. फक्त ओमाहाच्या भागात, म्हणजे डग्लस आणि सार्पी या दोन काउंट्यांत (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग), ती प्रयोग म्हणून एका संस्थेकडे राहिली. आणि बालकल्याणासाठी महानिरीक्षक हे पद निर्माण केलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. हा माणूस खात्याचा नोकर नाही, तो विधिमंडळाच्या बाजूचा. मुलाचा मृत्यू झाला किंवा गंभीर इजा झाली तर फाइल उघडून बघण्याचा अधिकार त्याला, आणि संस्था खासगी असली तरी तिची कागदपत्रंही मागता येतात.

आमदाराची खरी अडचण हीच असते. प्रश्न विचारला तर उत्तर खातंच लिहितं. खात्याला जे सांगायचंय तेवढंच सभागृहाला कळतं. स्वतःचा माणूस आत असला तरच आमदाराला दुसरी बाजू दिसते.

तरीही २०१९ मध्ये पुन्हा तेच झालं. ओमाहाच्या भागाचं कंत्राट नव्यानं निघालं. आधीपासून काम करणाऱ्या स्थानिक संस्थेची बोली होती पाच वर्षांना ३४१ दशलक्ष डॉलरची. कॅन्सस राज्यातल्या सेंट फ्रान्सिस मिनिस्ट्रीज या संस्थेची १९७ दशलक्षची. काम तेच, मुलं तीच, आणि किंमत सुमारे ४२ टक्के कमी. कायद्यानं एका कर्मचाऱ्याकडे १२ ते १७ प्रकरणांपर्यंतच मर्यादा घातलेली होती, म्हणजे माणसं कमी करून बचत करायला वावच नव्हता. मग एवढे पैसे वाचणार कुठून, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. काहींनी तो विचारलाही. पण निविदा मंजूर करणं हा खात्याचा अधिकार, आणि खात्यानं तो वापरून काम सेंट फ्रान्सिसला दिलं. पुढच्या वर्षाअखेर सेंट फ्रान्सिसच्या प्रमुखांना आर्थिक कारभारावरच्या तक्रारींमुळे पद सोडावं लागलं. २०२१ च्या सुरुवातीला काम कोसळू नये म्हणून राज्याला तातडीचा नवा करार करावा लागला: २५ महिन्यांसाठी १४७ दशलक्ष डॉलरहून जास्त. स्वस्त बोलीचा स्वस्तपणा दोन वर्षंही टिकला नाही.

मग सभागृहानं पुन्हा ठराव करून खास देखरेख समिती नेमली, आमदार मकेला कॅव्हनॉ यांच्या अध्यक्षतेखाली. सुनावण्या झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये समितीचा अहवाल आला, आणि त्याच महिन्यात खातं आणि संस्था करार संपवायला तयार झाले. कागदोपत्री तो परस्पर संमतीचा निर्णय होता. पण त्या सुनावण्यांशिवाय ही संमती आली असती असं मला वाटत नाही. २०२२ मध्ये ओमाहाची मुलंही परत राज्याच्या कर्मचाऱ्यांकडे आली.

आता महाराष्ट्राबद्दल. अंगणवाडीतल्या पोषण आहारात ठेकेदार नकोत, बचत गटांना आणि महिला मंडळांना काम द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये दिला होता. तरी २०१६ ला घरी नेण्याच्या आहाराच्या निविदेत अटी अशा ठेवल्या गेल्या की साध्या बचत गटाला आत शिरताच येऊ नये. ती निविदा २०१९ मध्ये रद्द झाली, तीही सर्वोच्च न्यायालयात, आणि न्यायालयात गेल्या होत्या बचत गटांच्या बायका. गावातल्या बायकांना दिल्लीपर्यंत जावं लागलं, कारण निविदेच्या अटी ठरत होत्या तेव्हा त्या वाचणारं सभागृहात कुणी नव्हतं. याचं मला फार वाईट वाटतं. नियम १०५ ची लक्षवेधी आहे, तारांकित प्रश्न आहेत, लोकलेखा समिती आहे. पण लोकलेखा समिती कॅगच्या अहवालावर काम करते, म्हणजे पैसा खर्च होऊन बराच काळ लोटलेला असतो. ज्या बाळाला त्या महिन्यात आहार मिळाला नाही, ते तोवर शाळेत जायला लागलेलं असतं.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. नेब्रास्कातही हे कायमचं जिंकलेलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याचे महाधिवक्ता माइक हिल्गर्स यांनी मत दिलं की महानिरीक्षकांचे हे अधिकार म्हणजे कार्यपालिकेच्या क्षेत्रात अतिक्रमण आहे. त्यानंतर महानिरीक्षकांना खात्याच्या नोंदी मिळेनाशा झाल्या. तात्पुरता समझोता झाला, आणि २०२५ मध्ये देखरेखीची व्यवस्था विधिमंडळाच्या आत नव्या कायद्यानं बसवावी लागली.

तुमच्या आमदारांना भेटणार असाल तर 'ठेका कुणाला दिला' हे विचारायला सांगू नका. त्याचं उत्तर एका ओळीत मिळतं. निविदेच्या पात्रतेच्या अटी कुणी ठरवल्या, सगळ्यात कमी बोली लावणारा नेमका कुठे खर्च कमी करणार आहे, आणि एका सेविकेकडे किती मुलं येणार, हे तीन प्रश्न सही होण्याआधी लेखी विचारायला सांगा.