संवेदना, सहवेदना आणि आपली साधी कळ

प्रश्न असा आलाय की शोकसंदेशात 'आमच्या संवेदना कुटुंबीयांसोबत आहेत' असं लिहिलेलं बरोबर का, आणि संवेदनाचं अनेकवचन काय करायचं.

चूक आहे हो. कोणी मोठं माणूस गेलं की टीव्हीच्या पट्टीवर हेच वाक्य पळायला लागतं आणि माझं डोकं फिरतं. मराठीत संवेदना म्हणजे थंड-गरम, टोचणं, स्पर्श हे जाणवणं. डॉक्टर पायाला टाचणी लावून बघतात ना, ती. ती शोकात पाठवायची म्हणजे आमच्या पायाच्या मुंग्या तुमच्या चरणी अर्पण. हिंदीत संवेदना म्हणजे सहानुभूती, तिथे खुशाल चालू दे, आपल्याकडे सहवेदना आहे, सांत्वन आहे, दुखवटा आहे. यावर ठरलेला युक्तिवाद येतो की सम् म्हणजे एकत्र, म्हणून संवेदना म्हणजे एकत्र वेदना. उपसर्ग असे सोलायचे तर संहार म्हणजे सगळ्यांनी मिळून हार घालणं.

खरी मजा पुढेच आहे. वेदना मुळात दुखणं नाहीच! धातू विद्, म्हणजे जाणणं. वेद, विद्या, विद्वान सगळी त्याचीच पोरं. निवेदन म्हणजे कळवणं, आणि नैवेद्यसुद्धा याच घरातला, देवाला निवेदन केलेलं ते नैवेद्य, हे मला कळलं तेव्हा मी ताटाकडे बघतच राहिलो. बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेत वेदना तीन प्रकारची, सुखाची, दुःखाची आणि दोन्ही नसलेली, म्हणून इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला बसवून अंगावरच्या संवेदना बघायला सांगतात तो वापर अगदी चोख. आणि 1290 ची ज्ञानेश्वरी सुरूच कशी होते बघा, 'ॐ नमो जी आद्या, वेद प्रतिपाद्या, जय जय स्वसंवेद्या, आत्मरूपा'. एका ओवीत विद् दोनदा! स्वसंवेद्य म्हणजे ज्याचं त्यालाच कळणारं.

मग मराठीत वेदना फक्त दुखण्यावर का येऊन थांबली? माझं मत असं की माणसाला शंका न घेता कळणारी गोष्ट एकच, दुखणं. दाढ आहे हे ती ठणकल्याशिवाय कुणाच्या लक्षात असतं? आणि याला मराठीतच पुरावा आहे, कळ येते, कळतं, आणि दुसऱ्याचं कळलं की कळवळा येतो. तुकोबा म्हणतात 'ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभाविण प्रीती'. म्हणजे दुखणं, जाणणं आणि प्रेम तिन्ही एका अक्षरजोडीत. व्युत्पत्तीवाले लगेच येणार की दुखण्याची कळ वेगळी, कळणं वेगळं, संस्कृतातलं कलयति-बिलयति वेगळं, तुम्ही उगाच गाठ मारताय. मारतोय! बोलणाऱ्या माणसाच्या कानात हे शब्द शेजारीच बसलेत, तो काय आधी कोश उघडून मग रडतो? सुकी वंशावळ मांडून शब्दाचा जीव सापडत नाही, हे या मंडळींना कधी कळणार.

असो. 'आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत' लिहा, बास. आणि हो, अनेकवचन संवेदनाच राहतं, भाषा-भाषा, सभा-सभा तसं. संवेदने की संवेदन्या असलं काही करू नका.