हॅगिस हे ‘पुडिंग’ गोड असतं का?

प्रश्न असा आला आहे: स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याच्या स्कॉट्स भाषेतल्या कवितेत हॅगिस या तिथल्या पदार्थाला ‘पुडिंग-वंशाचा थोर सरदार’ म्हटलंय. त्याचं मराठी ‘मिष्टान्नांचा राजा’ असं चालेल का? आणि हॅगिसला सरळ ‘वजडी’ म्हणावं का?

‘मिष्टान्नांचा राजा’ अजिबात नको. हॅगिस हा तिखटामिठाचा पदार्थ. मेंढीचं हृदय, कलेजी आणि फुप्फुसं शिजवून बारीक करायची, त्यात कांदा, गुर्द्याभोवतीची चरबी, ओटचा भरडा, मीठ आणि सढळ हाताने मिरपूड घालायची. हे सारण मेंढीच्याच धुतलेल्या पोटात भरून तोंड शिवायचं आणि मंद आचेवर तासन्‌तास उकळायचं. हल्ली पोटाऐवजी बरेचदा कृत्रिम आवरण वापरतात. सोबत ठेचलेला सलगमाच्या जातीचा कंद आणि बटाटा. तिथल्या बोलीत ‘नीप्स’ आणि ‘टॅटीज’.

घोळ ‘पुडिंग’ या शब्दाचा आहे. आपल्याकडे तो कॅरॅमल पुडिंगसोबत आला, म्हणून कानाला गोड लागतो. मुळात पुडिंग म्हणजे जनावराच्या आतड्यात किंवा पोटात रक्त, मांस, धान्य भरून उकडलेला पदार्थ. पुढे आतड्याऐवजी फडक्यात बांधून उकडायची रीत आली, पीठ-मनुक्यांची पुडिंगं झाली आणि गोड अर्थ वर आला. स्कॉटलंडच्या न्याहारीत रक्ताचं ब्लॅक पुडिंग आजही असतं, म्हणजे जुना अर्थ तिथे जिवंत आहे. शिवाय बर्न्सनेच पुढच्या ओळींत खुलासा केलाय: पोट, वजडी, आतडी या सगळ्यांच्या वर तुझं स्थान. ‘सरदार’साठी त्याने वापरलेला शब्द हायलंड या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या कुळांच्या प्रमुखाचा आहे, म्हणून ‘राजा’ही नको. मी ‘कोथळा-आतड्यांच्या कुळाचा थोर नाईक’ असं करेन. ‘कोथळा’ इथे फार चपखल बसतो. कोथळी म्हणजे पिशवी आणि कोथळा म्हणजे पोट. हॅगिसमध्ये पोटाचीच पिशवी झालेली असते.

ही निवड महत्त्वाची आहे, कारण १७८६ मधली ही कविता रागू आणि फ्रिकासी या फ्रेंच रस्सेदार पदार्थांच्या नाजूक पानांसमोर शेतकऱ्याचं जेवण ताठ मानेने मांडते. साधारण १४३० च्या सुमाराच्या, इंग्लंडमधल्या लँकशरच्या एका पद्यबद्ध पाककृतिसंग्रहातही या नावाचा पदार्थ आहे. पण हॅगिस स्कॉटलंडचं मानचिन्ह झाला तो मुख्यतः या कवितेमुळे. २५ जानेवारीला, बर्न्सच्या जन्मदिवशी, तो बॅगपाइपच्या सुरांत वाजतगाजत टेबलावर येतो, कविता म्हटली जाते आणि सुरीच्या ओळीला खरोखर सुरी चालवून त्याचं पोट फाडतात. तिथे ‘मिष्टान्न’ म्हटलं तर सगळं दृश्यच कोसळतं.

‘हॅगिस’ची व्युत्पत्ती पक्की ठरलेली नाही, तोडणं-चिरणं या अर्थाच्या जुन्या धातूशी तिचं नातं जोडतात. नावावरून पदार्थ कळत नाही, त्यामुळे लोककथेला मोकळं रान मिळालं. हॅगिस हा डोंगरात राहणारा केसाळ प्राणी, उतारावर पळून पळून त्याच्या एका बाजूचे पाय आखूड झालेले, म्हणून तो डोंगराला एकाच दिशेने फेऱ्या घालतो. एक जात घड्याळाच्या दिशेने, दुसरी उलट! परक्या पाहुण्याला हे अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतात. ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयात असा ‘रानटी हॅगिस’ मांडूनही ठेवलाय. हा प्राणी आणि बर्न्सचा सरदार, दोन्ही लक्षात घेता मराठीत मी ‘तो हॅगिस’ म्हणतो.

राहिली ‘वजडी’. वजडी आपण खातो ती पोटा-आतड्याचीच. हॅगिसमध्ये पोट हे मुख्यतः शिजवायचं भांडं, चव आतल्या सारणाची. शिवाय एडिनबराच्या मॅकस्वीन या खाटीक घराण्याने १९८४ मध्ये, स्कॉटिश पोएट्री लायब्ररीच्या उद्घाटनाच्या निमित्ताने, शाकाहारी हॅगिस केला. त्याला वजडी कसं म्हणणार? स्कॉटलंडमधल्या भारतीय-पाकिस्तानी हॉटेलांत हॅगिसच्या सारणाचे गोळे बेसनात बुडवून तळतात, त्यांनाही ‘हॅगिस पकोडा’च म्हणतात. अनुवादात ‘हॅगिस’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे तळटीप द्या: मेंढीच्या पोटात भरून उकडलेलं काळीज-फुप्फुस आणि ओटचं सारण.