बादलीत नाही, लादीवर मिसळतं

तुम्ही लिहिलंय, आईंनी रात्री बाथरूमच्या लाद्यांच्या सांध्यांवर ब्लीच टाकून ठेवलं, सकाळी पाणी मारून वर टाइल क्लीनर ओतलं, घासायला बसल्या आणि ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आता बरं आहे, पण छाती जड वाटतेय. आणि शेवटी तुमचं वाक्य, "आम्ही दोन्ही एकत्र केलं नव्हतं." ते वाचून हातातलं काम ठेवलं. २०२१ च्या पावसाळ्यात दवाखान्यात उभी राहून मी याच शब्दांत हेच सांगत होते.

आधी आईंचं. मी डॉक्टर नाही, पण छाती जड असेल तर आजच दाखवा, उद्यावर टाकू नका. क्लोरीनचा त्रास लगेच सगळा दिसत नाही, कधीकधी काही तासांनी वाढतो, फुप्फुसात पाणी होण्यापर्यंत जाऊ शकतो. दम लागला, बोलताना वाक्य तुटायला लागलं, ओठ निळसर दिसले तर सरळ १०८. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, १८०० ११६ ११७ हा त्यांचा नंबर आहे. दोन्ही बाटल्यांच्या मागच्या लेबलचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. हे का सांगतेय ते पुढे येईलच.

हातमोजे घाला, खिडकी उघडा वगैरे बाटलीवर छापलेलं असतं, त्यात शिरत नाही. "ब्लीचमध्ये अ‍ॅसिड मिसळू नका" हेही सगळ्यांना पाठ असतं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बादली असते. बादलीत कोण मिसळतं? ते मिसळतं लादीवर. सांध्यांत राहिलेलं ब्लीच, जाळीखाली साचलेलं पाणी, कमोडच्या कडेखालचा भाग. दोन तांबे पाणी मारलं म्हणजे ते गेलं असं होत नाही. त्यावर संडासाचं किंवा लादीचं क्लीनर पडलं की झालं. आपल्याकडच्या या क्लीनरांत बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते ब्लीचमधल्या सोडियम हायपोक्लोराइटला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, म्हणून खालीच साचतो. आणि आपल्याकडे बाथरूम उभ्याने पुसत नाहीत, उकिडवं बसून घासतात. तोंड जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. दारात उभ्या असलेल्याला नुसता वास येतो आणि घासणाऱ्याच्या छातीत तो भरतो.

आमच्याकडे मी दारात होते आणि घरकामाला येणाऱ्या मावशी खाली बसल्या होत्या.

करोनाच्या दिवसांत सोसायटीने हायपोचे, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे, कॅन मागवले होते. तेव्हा सगळीकडे फवारणीचं वेड होतं. मार्च २०२० मध्ये बरेलीला घरी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर हेच मारलं होतं, आणि माणसांवर फवारू नका असं केंद्राच्या आरोग्य खात्याला एप्रिलमध्ये लेखी सांगावं लागलं. आमच्या कॅनमधलं उरलेलं घराघरांत वाटलं, ज्याने त्याने मिळेल त्या बाटलीत घेतलं. मी पाण्याच्या लिटरच्या बाटलीत घेतलं. त्याच पुरवठादाराकडून लादीचं लिक्विडही आलं होतं, तेही सुटं, तेही तशाच बाटलीत. दोन्ही फिकट पिवळसर. ओळखायची खूण म्हणून एकीला मी लाल रबर लावलं होतं. ते रबर कधीतरी निघालं.

पहिल्या बाटलीने सांधे उजळेनात म्हणून अर्ध्या तासाने मीच मावशींना दुसरी आणून दिली. त्यांनी जाळीभोवती ओतली. बारीक फसफस झाली, आधी स्विमिंग पूलसारखा वास आला, आणि मग फोडणीत मिरच्या जळाव्यात तसा ठसका. त्यांच्या हातातला ब्रश गळून पडला. माझी पुढची चूक अशी की मी त्यांना बाहेर ओढण्याआधी नळ सोडायला आत वाकले, म्हणजे आणखी अर्धं मिनिट गेलं. मग दूध-गूळ दिला, वाफ दिली, त्यात पाऊण तास गेला. असं झालं तर माणसाला बाहेर काढायचं, दार ओढून घ्यायचं, मोकळ्या हवेत न्यायचं. आत जाऊन पाणी ओतायचं नाही, सोडा टाकायचा नाही, बाटली उचलायलासुद्धा जायचं नाही. डोळ्यांत गेलं असेल तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं, घड्याळ लावून.

पण आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते पुढचं. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "नेमकं काय होतं?" मला सांगता येईना. क्लोरीन, फिनाईल, नुसतं अ‍ॅसिड, की आणखी काही? पुरवठादाराच्या ऑफिसला फोन लावला. "मॅडम, क्लीनर आहे." कसलं? "लादीचं." त्यात काय आहे? "बिल नंबर सांगा." बिल सोसायटीच्या नावावर, सेक्रेटरी फोन उचलत नव्हते. दुसऱ्या माणसाने सांगितलं की माल दुसरीकडून येतो, आम्ही फक्त भरतो, साहेब सोमवारी भेटतील. तो शनिवार होता. अशा मालाबरोबर घटकांचा आणि प्रथमोपचाराचा कागद असायला हवा, सेफ्टी डेटा शीट म्हणतात त्याला. तो त्या ऑफिसात कुणी पाहिलेलाही नव्हता. तीन तास मी व्हरांड्यात फोन धरून होते आणि आत मावशी ऑक्सिजनवर होत्या. डॉक्टरांनी लक्षणांवरून उपचार चालू ठेवले म्हणून निभावलं. पण दीड महिना त्यांना एक जिना चढला तरी दम लागायचा. तीन घरची कामं गेली. माझ्या घरचा पगार मी देत राहिले, बाकीच्या घरांनी दिला नाही. याचा राग मला आजही येतो, आणि त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे, कारण दुसरी बाटली मी आणून दिली होती.

म्हणून माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. सुटं काहीही घ्यायचं नाही. दारावर अ‍ॅसिड-फिनाईल विकायला येणाऱ्याकडून नाही, सोसायटीच्या कॅनमधून नाही. मूळ बाटली, मूळ लेबल, मूळ झाकण. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच नाही, घरात लहान मूल किंवा कमी दिसणारं म्हातारं माणूस असेल तर मुळीच नाही. कुणी चुकून प्यायलंच तर उलटी करवायची नाही, लिंबूपाणी द्यायचं नाही, आधी फोन. दुसरं, बाथरूमसाठी ब्लीच किंवा आम्लाचं क्लीनर, दोन्हींपैकी एकच घरात ठेवा. माझ्याकडे आता ब्लीच नाहीच. रोजच्या सफाईला साबण, ब्रश आणि कोरडी लादी पुरते.

तुम्ही प्रमाण विचारलंय. बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल तर लिटरभर पाण्यात २० मिलि, म्हणजे साधारण ०.१ टक्का, फरशीला एवढं पुष्कळ. रक्त-उलटी पुसायची असेल तर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी. पण कॅनमधलं १०-१२ टक्क्यांचं असू शकतं, तेव्हा हा हिशोब दुप्पट चुकतो, म्हणून पुन्हा लेबलच. आधी साबणाने घाण काढा, साबण धुऊन टाका, मग ब्लीच, आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. घाणीवर टाकलेलं ब्लीच घाणीतच संपतं. पाणी गार घ्या. केलेलं पाणी त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी त्यात फारसा दम राहत नाही. आणि जिथे लघवी साचते तिथे आधी भरपूर पाणी, कारण लघवीतल्या अमोनियाशी ब्लीच मिळालं की क्लोरामाइनचा धूर होतो, तोही छातीला लागतो.

कपड्यांचं विचारलं नाहीत तरी सांगते. रेशीम आणि लोकरीला ब्लीच लावू नका, धागाच विरतो. आणि बोअरच्या पाण्याने पडलेले लोखंडाचे पिवळे डाग ब्लीचने जात नाहीत, उलट पक्के बसतात.

ते बाथरूम आज दार बंद करून, खिडकी उघडी ठेवून तसंच राहू द्या. वास पूर्ण गेल्यावर नुसतं पाणी, भरपूर, आणि जाळी उचलून तिच्या खालीही. उरलेलं दोन्ही एकाच दिवशी एकाच मोरीत ओतू नका. दवाखान्यातून आलात की लेबलचे फोटो इथे टाका, रात्री दहानंतर मी बघते.