पहिली बिअर साधीच कर

सांगली

प्रिय मुली,

दिवाळीत तू दाखवलेली ती वही अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. घरी करून बघायच्या चौदा बिअरची नावं आणि प्रत्येकीपुढे प्रश्नचिन्ह. आमरस घातलेली गव्हाची बिअर, कॉफीची स्टाउट, कोकमाची आंबट बिअर, लागर. खाली लिहिलेलं, ‘काका, यातली पहिली कोणती?’ आजी शेजारी बसली होती म्हणून मी तेव्हा विषय बदलला. परवा इंग्लंडमधल्या लीड्सहून तुझा मेसेज आला, की तीन माणसांना विचारलं आणि तिघांनी तीन वेगळ्या सांगितल्या. म्हणून आज सविस्तर लिहितो.

यातली एकही नको. साधी इंग्लिश बिटर कर, म्हणजे तिथली नेहमीची कडवट बिअर. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी वेलीची फुलं), यीस्ट, पाणी, बस्स. पहिली बिअर अशी निवड, की ती बिघडली तर का बिघडली हे जिभेला कळलं पाहिजे.

मी हे उलटं केलं. १९९४ साली लीड्समध्येच, भाड्याच्या खोलीत, मी पहिलीच बिअर डब्यातला आंब्याचा रस आणि वेलची घालून केली. पाच आठवड्यांनी बाटली उघडली तर दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास. मी आंब्याला दोष दिला. पुढच्या वेळी आंबा काढून मध घातला, तरी तोच वास. मग मधाला दोष दिला, मग वेलचीला. दोन वर्षं गेली. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, एकदा यात काहीही न घालता करून बघ. केली. वास होताच, पण आता त्याला लपायला जागा नव्हती. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन! माल्टमधल्या फिनॉलशी त्याचा संयोग झाला की असा वास येतो. क्लोरीन घालवणारी कॅम्पडेनची अर्धी गोळी चुरून पाण्यात टाकली आणि प्रश्न संपला. अर्ध्या गोळीचं काम होतं गं, आणि मी दोन वर्षं आंब्याला नावं ठेवत बसलो. त्या दोन वर्षांची हळहळ अजून जात नाही.

कराडजवळ माझ्या मामांचं गुऱ्हाळ होतं. पोरांसाठी सुंठ-वेलची घातलेल्या वड्या व्हायच्या, पण नव्या शेतातला ऊस आला की गुळव्या पहिल्या काहिलीत काही घालू द्यायचा नाही. मळी काढायची, भेंडीचं पाणी सोडायचं आणि साधा गूळ जिभेवर ठेवून बघायचा. खारपड रानातला ऊस असला की गूळ खारट लागतो. सुंठ घातली की तेवढंच कळायचं राहतं. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि लीड्सला जाऊन विसरलो. तू विसरू नकोस.

आता कामाचं. दहा लिटरच कर, वीस नको. तुझ्या शेगडीवर तेवढंच नीट उकळेल. फिकट कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे माल्टच्या अर्काची पूड, सव्वा किलो पाण्यात विरघळव. ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स पंचवीस ग्रॅम उकळी फुटल्यावर टाक आणि तासभर उकळू दे, आणखी दहा ग्रॅम शेवटच्या पाच मिनिटांना. फेस वर येतो तेव्हा पातेल्यापाशीच उभी राहा. दूध उतू जातं तसंच हे जातं आणि शेगडी चिकट होते. मग बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवून २० अंशांपर्यंत निववायचं. निवल्यानंतर जे जे त्याला लागेल ते आधी निर्जंतुक केलेलं हवं: बादली, नळी, चमचा, झाकण. इथे आळस केलास तर माझ्याकडे तक्रार आणू नकोस.

मग बादलीत ओतून, बिटरला लागतं त्या एल यीस्टचं पाकीट टाकून १८ ते २० अंशांत दोन आठवडे ठेव. द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर सुरुवातीला १.०४५च्या आसपास आकडा दिसेल, शेवटी १.०१०च्या जवळ. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आकडा आला, तरच बाटल्या भर. घाई केलीस तर आत वायू साठून बाटल्या फुटतात, आणि काच डोळ्यात जाऊ शकते. बाटलीत फेस धरायला लिटरला सहा ग्रॅम साखर पुरते. मग आणखी दोन आठवडे हात लावायचा नाही.

लागर का नको? तिला दहा अंशांच्या आसपास आंबवायचं आणि पुढे कित्येक आठवडे गारठ्यात ठेवायचं. चौघींच्या सामायिक फ्रिजमध्ये ते जमणार नाही. स्टाउटबद्दल लोक सांगतील, की काळी असते, चुका झाकते, म्हणून नवशिक्यांना बरी. मला याच सल्ल्याचा राग येतो. चुका झाकायच्या असतील तर विकतची आण! तुला शिकायचं आहे ना? मग चूक उघडी पडेल अशीच बिअर हवी. गरम खोलीत आंबली तर केळ्याचा वास येईल, लवकर बाटलीत भरली तर हिरव्या सफरचंदाचा. साध्या बिटरमध्ये हे दोन्ही ओळखता येतात. कॉफीखाली काय ओळखणार आहेस?

आणि ही साधी बिटर एकदा नाही, सलग तीनदा कर. मी तीच बिअर नऊ वर्षं केली. बरोबरचे मित्र चेरी आणि मिरची घालण्यापर्यंत गेले आणि मला म्हणायचे, तू होतास तिथेच राहिलास. राहिलो. पण नवव्या वर्षी गोल्डिंग्जच्या जागी फगल जातीचं हॉप टाकलं, तर पहिल्या घोटाला मला फरक सांगता येत होता, त्यांच्यापैकी एकालाही नाही. ती नऊ वर्षं वाया गेली असं मला कुणी पटवू शकणार नाही.

इंग्लंडमध्ये १९६३पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. परत आल्यापासून मी पातेल्याला हात लावलेला नाही. म्हणून तुझ्या वहीत माझा जीव इतका अडकलाय. उन्हाळ्यात येशील तेव्हा इथे काही करायचं नाही, फक्त वही आणायची.

पहिली बाटली उघडलीस की फोटो पाठवू नकोस. हायड्रोमीटरचे दोन्ही आकडे, खोलीचं रोजचं तापमान आणि चव कशी लागली ते तुझ्या शब्दांत लिहून पाठव. वास पट्टीसारखा आला तर तेही लिही, गोळी टाकली होतीस की नाही ते विचारीन.

तुझा
काका