नौदलातून निवृत्त झालेला माझा भाऊ मुंबईत एम.ए. करू शकतो का? त्याच्याकडे 15 वर्षांच्या सेवेचं पदवी-समकक्ष प्रमाणपत्र आहे.

त्या प्रमाणपत्रावर एम.ए.ला प्रवेश मिळेल असं धरून चालू नका. पदवीची अट असलेल्या केंद्र सरकारच्या गट 'क' नोकऱ्यांसाठी ते चालतं, पण विद्यापीठाच्या लेखी ती पदवी नव्हे. अनेक जवानांना हे प्रवेशाच्या खिडकीपाशीच कळतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

भाऊ बारावी असेल तर आधी बी.ए. करावं. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर कलिन्याला मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण केंद्र आहे, शिवाय इग्नू आहेच. दोन्हीकडे वयाची अडचण नाही. फी-सवलतीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक घेऊन जा, तिथे नावनोंदणीही करून घ्या.

अमेरिकेत 2008 च्या कायद्याने माजी सैनिकांची फी सरकार भरतं, कितीतरी कॉलेजांत त्यांच्यासाठी वेगळं कार्यालयही असतं. आपल्याकडे योजना बहुतेक पाल्यांसाठी असतात. स्वतः वर्गात बसू पाहणाऱ्या पस्तिशीच्या माणसाचा विचार कमीच. म्हणून प्रवेशाआधी विभागप्रमुखांना प्रत्यक्ष भेटा, हजेरी आणि परीक्षेच्या तारखांबद्दल स्पष्ट विचारा.