वाचकांचे प्रश्न : एकाच सकाळी तीन आकडे

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे. घरच्या मशीनवर एकाच सकाळी १६२, १५० आणि १३८ आला. खरा कुठला? आकडा चांगला आला तर त्या दिवशी गोळी वगळू का? उठताना त्यांना गरगरतंही.

उत्तर : मशीनला नावं ठेवण्याआधी पट्टा बघा. तो किती घेराच्या दंडासाठी आहे, हे त्यावरच सेंटिमीटरमध्ये छापलेलं असतं. टेपने त्यांचा दंड मोजून ताडून पाहा. पट्टा लहान पडला की आकडा फुगतो. लघवी तुंबलेली असणं, पायावर पाय टाकून बसणं, मोजताना बोलणं, यानेही तो चढतो. हात खाली लोंबत असेल तरी तेच. पट्टा हृदयाच्या पातळीत यायला हवा, म्हणून हात टेबलावर ठेवा, गरज पडली तर खाली उशी घ्या.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून त्यांना शांत बसू द्या. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर बांधा. पहिला आकडा बऱ्याचदा चढाच येतो, तुमच्याकडे झालं तसा. म्हणून मिनिटभराने पुन्हा मोजा. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस लिहून ठेवा. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर दाब जास्त धरतात.

गोळी मनाने वगळू नका. आकडा चांगला येतो तो तिच्यामुळेच. क्लोनिडीन किंवा बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी औषधं) गटातली रक्तदाबाची गोळी एकदम थांबवली तर दाब उसळी मारतो.

गरगरण्याचं कारण गोळी असू शकते, पण आधी तपासा. पाच मिनिटं झोपवून मोजा, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी. जवळ धरायला कोणीतरी हवंच. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा, डोस तेच बदलतील. तोवर उठताना आधी कुशीवर वळायचं, पलंगाच्या कडेला पाय सोडून थोडं बसायचं, मगच उभं राहायचं. दुखण्यावरच्या गोळ्या घेत असतील तर तेही सांगा. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी दाब वाढतो.

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं किंवा अंधुक दिसणं यांपैकी काहीही असलं, तर थेट रुग्णालय गाठा. त्रास काहीच नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा आणि तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. घाबरून जिभेखाली गोळी फोडून मात्र देऊ नका. दाब झपकन कोसळला तर मेंदूला रक्त कमी पडतं.